'ट्राय बाईक परवडत नसेल तर नादाला लागू नका' म्हणणाऱ्या भाऊंना

काटोलरोड_कार्टं
काल एका भाऊंनी टाकलं की रोड बाईकवर क्लिप-ऑन एअरो बार (हँडलवर कसायचे, कोपरं टेकवून पुढे वाकायचे दांडे) लावणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं शेपूट, ज्याला ट्राय बाईक (ट्रायथलॉनसाठीच केलेली सायकल) परवडत नाही त्याने ट्रायथलॉनच्या नादाला लागू नये. रात्री झोप नाही लागली, म्हणून लिहून राहिलो.

माझी सायकल ॲल्युमिनियमची, सहा वर्षं जुनी. गोव्याची हाफ (अर्धी आयर्नमॅन ट्रायथलॉन, त्यात ९० किमी सायकल) तिच्यावरच केली. बार सेकंडहँड, साडेसहा हजाराचे. पहिला महिना मलाही वाटलं पैसे पाण्यात गेले, कारण सगळे करतात तेच केलं, बार कसले आणि निघालो. नागपूरहून कळमेश्वर येईपर्यंत मान आखडली, मांडी पोटावर आपटे, आणि कोपरं पॅडवर टेकवायची तर सीटच्या पार टोकावर घसरत जायचो. त्या घसरण्यातच उत्तर होतं बघा! शरीर स्वतःच सांगून राहिलं होतं की मला पुढे बसव. रोड बाईकचा सीट ट्यूब (सीटखालची नळी) ७३ अंशाच्या आसपास, ट्राय बाईकचा ७६-७८ नाहीतर त्याहून उभा. आपण मागे बसून पुढे वाकतो म्हणून कंबरेत घडी पडते. सीटपोस्टचं डोकं मागे झुकलेलं होतं ते उलटं फिरवलं, सीट साडेतीन सेंटीमीटर पुढे गेली, पुढे गेली की पायाला जवळ पडते म्हणून थोडी वर घेतली, आणि ११० मिमीचा स्टेम (हँडल पुढे धरणारा तुकडा) काढून ८०चा टाकला. बस्स. दोन आठवडे पाठ कुरकुरली, मग तासभर आरामात वाकून राहता येऊ लागलं. आता सांगा बैलगाडी कोणाची.

वॉटवाला_वऱ्हाडी
बैलगाडीवाला मीच. वाक्य अर्धंच उचललं भाऊ तुम्ही. मी म्हटलं होतं 'परवडत नाही आणि फिटिंगही करायचं नाही' त्याने. असो.

सीट पुढे घेतली, म्हणजे वजन पुढच्या चाकावर आलं. रोड बाईकचं पुढचं चाक हात रुंद धरून चालवायला केलेलं असतं, हात मधोमध जोडले की ते वळवळतं. गिअर राहिले ब्रेकच्या हूडवर (हँडलवर हात धरायचा उंचवटा), म्हणजे प्रत्येक गिअरला उठा, पुन्हा वाका. गोव्यात चढ आहेत, वळणं आहेत, ९० किमीतले किती वाकून काढले ते खरं सांगा.

संत्राबर्फी
१९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड पहिल्यापेक्षा ५० सेकंद मागे होता. वर्साय ते पॅरिस २४.५ किमी, एअरो बार लावून गेला आणि टूर ८ सेकंदांनी जिंकला. विषय संपला.

वॉटवाला_वऱ्हाडी
@संत्राबर्फी ती टाइम ट्रायलची (एकट्याने घड्याळाशी शर्यत) सायकल होती, मागे डिस्क चाक (आरे नसलेलं बंद) होतं, आणि तो लेमाँड होता. तुम्ही फेटरीच्या पुढे पोहे खायला जाता.

संत्राबर्फी
पोह्यावर जायचं काम नाही. बार क्लिप-ऑनच होते.

फुटाळा_पहाटे५
दोघांचंही अर्धं बरोबर. हवेत अडतो तो मुख्यतः आपला देह, सायकल नाही, म्हणून वाकण्याचा फायदा कुठल्याही सायकलवर मिळतो. हाफच्या एज ग्रुपमध्ये (आपण हौशी लोक) पुढच्याच्या मागे लपायची सोयही नाही, १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, म्हणजे हवा तुमची तुम्हीच कापायची. पण मला फरक कळला तो पळताना. जुन्या सेटिंगमध्ये सायकलवरून उतरले की पहिले तीन किमी कंबर सरळच होत नसे, म्हाताऱ्या बाईसारखी पळायचे. सीट पुढे घेतल्यावर ते गेलं.

माझं भांडण वेगळ्याच लोकांशी आहे. रविवारच्या ग्रुप राइडमध्ये एअरोवर वाकून येणारे! ब्रेकपासून हात वीतभर लांब, नजर घड्याळावर, आणि बाजूला वीस जण. मागच्या वर्षी असाच एक दादा माझ्या चाकात शिरला. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये, आणि तो म्हणतो 'ताई, तुम्ही अचानक हळू झाल्या.' समोर म्हैस होती दादा.

मिस्त्री_मनाचा
कार्बनच्या हँडलवर बार लावणाऱ्यांनी आधी कंपनीचं माहितीपत्रक वाचा. मी नाही वाचलं. टॉर्क पाना (किती आवळलं ते दाखवणारा) नव्हता, हाताने 'अजून थोडं' करत आवळलं, एका संध्याकाळी टिचकन आवाज आला. केसाएवढी चीर. एकोणीस हजाराचं हँडल आता बाल्कनीत, त्यावर कपडे वाळतात. वरून चपटं हँडल असेल तर क्लॅम्प बसतच नाही, त्याला गोल नळीच पाहिजे.

बजाजनगर_काका
तुम्ही सगळे सायकलला दोष देऊन राहिले, रोडचं कोणी बोलत नाही. एअरो बार मलाही पोरानं लावून दिले, वय ६१. सिमेंट रोडवर दर काही मीटरला जॉइंट, धड धड धड, दहा किमीत बार आपोआप खाली झुकतात. घरी येऊन पुन्हा आवळा.

काटोलरोड_कार्टं
काका, क्लॅम्पच्या आत रबराची पातळ पट्टी घाला, जुन्या ट्यूबचा तुकडा चालतो. झुकत नाही.

मिस्त्री_मनाचा
ट्यूब दबते, मग अजून सैल होतो. खरकागद घाला.

बजाजनगर_काका
पट्टीचं सोडा हो! रोड बनवताना जुना खोदलाच नाही, त्याच्यावरच थापला. आमचं घर १९८४ चं, तेव्हा रोडपेक्षा दोन पायऱ्या उंच होतं, आता रोडवरून एक पायरी खाली उतरून घरात जातो. पाऊस आला की नालीचं पाणी आधी देवघरात.

संत्राबर्फी
हाव काका, आमच्याकडेही तेच. दरवाजाला लोखंडी पाटी लावून घेतली, पावसाळ्यात ओलांडून ये-जा.

धंतोली_एक्स्प्रेस
सिमेंट रोड नसते तर खड्ड्यात गेले असते सगळे. डांबर दर पावसाळ्यात वाहून जायचं ते विसरले का? सगळ्यात चुकाच काढायच्या.

बजाजनगर_काका
तुमचा फ्लॅट कितव्या माळ्यावर आहे साहेब?

धंतोली_एक्स्प्रेस
त्याचा काय संबंध.

बजाजनगर_काका
म्हणजे वरच आहे.

फुटाळा_पहाटे५
😂 काका जिंकले. पण धागा सायकलचा आहे.

धंतोली_एक्स्प्रेस
६१ व्या वर्षी एअरो बारवर वाकण्यापेक्षा घरी बसावं माणसाने.

काटोलरोड_कार्टं
ओ, नीट बोला. काका गेल्या डिसेंबरात माझ्यासोबत ९० किमी करून आले, तुम्ही लिफ्ट बंद पडली तर खाली येत नसाल.

आणि @वॉटवाला, विचारलं म्हणून सांगतो. गोव्यात निम्म्याहून थोडं जास्त वाकून होतो. चढावर हूड, उतारावर पण हूड, कारण वळवळते, हे तुमचं मान्य. गिअरसाठी उठावं लागतं हेही मान्य. पण दोन-अडीच लाख वाचले ते मी कुठे ठेवू, तेवढं सांगा.

वॉटवाला_वऱ्हाडी
फिक्स्ड डिपॉझिटमध्ये. ठीक आहे बावा, सपाट रूट असेल आणि सीट-स्टेम दोन्ही बदलले तर तुमचा जुगाड बैलगाडी नाही. छकडा म्हणू.

खरं सांगायचं तर माझी ट्राय बाईक एप्रिलपासून ट्रेनरवरच (घरात जागच्या जागी चालवायचा स्टँड) आहे. ४४ डिग्रीत कोण बाहेर काढते, आणि सिमेंट रोडवर तिची चाकं न्यायची हिंमत नाही. रोज रोड बाईकच चालवतो. तो काढून ठेवलेला ११०चा स्टेम विकायचा आहे का?

काटोलरोड_कार्टं
११०चा कायले पाहिजे? एअरोसाठी ८०चा लागते.

वॉटवाला_वऱ्हाडी
एअरोसाठी कोण म्हटलं. माझ्या रोड बाईकवर सध्या १३०चा आहे, पाठ दुखते.

बजाजनगर_काका
खरकागद किती नंबरचा? आणि नालीचा अर्ज कोणी कोणी दिला आहे ते सांगा, मी सोमवारी पुन्हा जाणार आहे.