प्रति: पेशी चिकटत नसतील तर कोलॅजेन वाढवावं का?

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी प्लेटला धरून राहाव्यात म्हणून तिच्या तळाला कोलॅजेन या प्रथिनाचा लेप देतात. ‘पेशी सुटून येत असतील तर कोलॅजेनचं प्रमाण वाढवा’ हा वरचा सल्ला मला पटला नाही. पातळ लेपासाठी दर चौरस सेंटिमीटरला ५ ते १० मायक्रोग्रॅम टाइप-१ कोलॅजेन सहसा पुरतं. आधी आम्ल नीट धुतलं गेलंय का ते बघा. रॅट-टेल (उंदराच्या शेपटीतून काढलेलं) कोलॅजेन सौम्य ॲसिटिक आम्लात विरघळवलेलं असतं; लेप बसल्यावर प्लेट बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) दोन-तीनदा धुतली नाही, तर उरलेलं आम्लच पेशींना भोवतं.

शिवाय लेप वेगळा आणि जेल वेगळं, हा मुद्दा इथे अजून कुणी काढलेला नाही. तेच द्रावण उदासीन करून ३७ अंशांवर ठेवलं की तंतू जुळून मऊ जेल बनतं (म्हणून मिसळताना सगळं बर्फावरच हवं). यकृताच्या पेशी नुसत्या लेपावर चपट्या पसरतात आणि काही दिवसांत अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते रक्तातलं प्रथिन) बनवणं कमी करतात. त्याच पेशी जेलच्या दोन थरांमध्ये ठेवल्या, तर कित्येक आठवडे काम करत राहतात, पित्ताच्या सूक्ष्म नलिकासुद्धा तयार करतात! मला हे फार विलक्षण वाटतं. फक्त जेलमधून पेशी परत काढायला ट्रिप्सिन हे नेहमीचं एन्झाइम पुरत नाही, कोलॅजेन तोडणारं कोलॅजेनेज लागतं.