एक ग्रॅमची ठुशी कळकली आहे, धुऊ का?

मंडळी, मदत हवी आहे. जरा घाईत आहे, पुढच्या मंगळवारी मंगळागौर.

माझ्याकडे एक ग्रॅमवाली, म्हणजे पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेली ठुशी आहे. मे महिन्यात भावाच्या हळदीला घातली होती. उकाडा, घाम, त्यात मानेला फासलेली हळद. रात्री दमून तशीच डबीत टाकली, पुसायचं राहूनच गेलं. परवा काढली तर पुढचे मणी मळकट, आणि मानेला टेकते त्या बाजूला मण्यांच्या फटींत हिरवा थर. नखाने खरवडला की पूड निघते.

जाऊबाई म्हणाल्या, टूथपेस्ट लाव, लख्ख होते. कडेच्या एकाच मण्यावर चारपाचदा ब्रश फिरवला. मणी लख्ख झाला खरा, पण देवघरातल्या समईसारखा! बाकीचे सोनेरी आणि हा एकटा पितळी. तिथेच हात आवरला.

सासूबाई म्हणतात रिठ्याच्या पाण्यात भिजत घाल. त्या पाटल्यांना तसंच करतात, पण पाटल्या 22 कॅरेटच्या आहेत, आणि त्यांत दोरा नाही. ठुशीचा दोरा आतून कधी वाळणार? तोवर पितळ आणखी कळकेल ना?

हिरवं कसं काढू? आणि त्या उघड्या पडलेल्या मण्याचं काय करू? चिंच-लिंबू कृपया सुचवू नका, ते तांब्यांना ठीक.

प्रतिसाद १
भिजवू नका, तुमची शंका बरोबर आहे. कोमट पाण्यात बेबी शाम्पूचा एक थेंब, त्यात इअरबड बुडवून पिळून घ्या आणि फक्त मण्यांवरून फिरवा. फटींसाठी टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळा. लगेच साध्या पाण्याच्या बडने शाम्पू काढा, जुन्या मलमलीने टिपा. घासायचं नाही, टिपायचं. मग रात्रभर पंख्याखाली.
टूथपेस्टमध्ये दात घासायची बारीक पूड असते. 1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि अशा दागिन्यांवर सोनं बहुधा तेवढंही नसतं. ते चार फेऱ्यांत जाणारच.
हिरवं आलंय तिथे घाम मुलाम्याखालच्या पितळेपर्यंत पोचलाय. आता निघेल, पण घाम लागला की त्याच जागी परत येईल.

प्रतिसाद २
पुन्हा मुलामा द्यायचा तर दोरा काढून मणी सुटे करावे लागतात, मग परत गाठवायचे. एका मण्यासाठी एवढा खटाटोप नको. दोरा नाहीतरी घामट झालाय, पटवेकऱ्याकडून ठुशी नव्याने गाठवून घ्या आणि तो मणी मागे, गोंड्याशेजारी घालायला सांगा. अंबाड्याखाली कोण बघतंय! गोंडाही नवाच लावा, हळद काही सुटायची नाही.
आणि परफ्यूम आधी, ठुशी शेवटी. काढल्यावर पुसून, सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळून झिपलॉकमध्ये, हवा दाबून काढून. एका पिशवीत एकच दागिना, नाहीतर एकमेकांवर घासतात.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. नऊ इअरबड हिरवे झाले, पण फटी मोकळ्या झाल्या. दोन मण्यांवर काळसर ठिपके राहिलेत, त्यांच्या वाटेला गेले नाही. ठुशी गाठवायला दिलीये, शनिवारी मिळेल. जाऊबाईंना अजून काही बोलले नाहीये.