मदत हवी आहे: रस्ता एकच, गाड्या सारख्याच, पण एकाच गाडीचे ब्रेक लायनर आणि क्लच का खलास होतात?

निफाडचा_कांदेवाला

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझ्या दोन दहाचाकी आहेत. दोन्ही बीएस-६, एकाच कंपनीच्या, २०२१ साली दोन महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या. काम ठरलेलं. निफाड-लासलगावकडून कांदा भरायचा, वाशी मार्केटला टाकायचा, येताना भिवंडीत मिळेल तो माल घ्यायचा. म्हणजे कसारा घाट भरल्या गाडीने उतरायचा आणि येताना बहुतेक वेळा अर्ध्या वजनाने चढायचा.

पहिल्या गाडीवर आण्णा आहेत, वय पन्नाशीपुढे. त्यांच्या गाडीची क्लच प्लेट पहिल्यांदा बदलली ती १ लाख ७० हजार किमीला. लायनर ४०-४५ हजार सहज चालतात. दुसऱ्या गाडीवर दोन वर्षांपासून एक तरुण पोरगा आहे. निर्व्यसनी, वेळेत पोचणारा, गाडी आरशासारखी पुसून ठेवणारा. ॲव्हरेजही आण्णांपेक्षा चांगलं: त्याचं ४.६, आण्णांचं ४.२. पण क्लच प्लेट दीड वर्षात दोनदा गेली, लायनर १८ हजार किमीत साफ, आणि मागच्या महिन्यात एक ड्रम तडकला.

धाकटा भाऊ म्हणतो, पोराला काढ. गॅरेजवाला म्हणतो, "पोरं अशीच चालवतात शेठ." मला पटत नाही. ही सवय आहे की गाडीतच दोष आहे, हे ओळखायचं कसं? त्याच्या पगारातून कापायची माझी इच्छा नाही, पण दर तीन-चार महिन्यांनी हे बिल भरायची ताकदही नाही.

रोखठोक

काढा त्याला. आजकालच्या पोरांना गाडीची कदर नाही.

जुना_फिटर

काढायच्या आधी एक सांगा. बदललेले पार्ट तुम्ही डोळ्यांनी बघता, की गॅरेजातच भंगारात जातात? बिलात फक्त "क्लच प्लेट १ नग" एवढंच असतं. ती का गेली, ते जुनी प्लेट हातात घेतल्यावर कळतं.

लायनरपासून सुरुवात करा. एकाच चाकाचा लायनर जास्त झिजला असेल तर ड्रायव्हरला बोलू नका. तिथला स्लॅक ॲडजस्टर नाहीतर कॅम (लायनर ड्रमवर दाबणारे भाग) अडकलेला असतो, ब्रेक सोडला तरी चाक घासतच राहतं. सगळी चाकं सारखीच झिजली असतील आणि ड्रमवर आतून निळे डाग, बारीक भेगा असतील, तर तो ड्रम पुन्हा पुन्हा तापलाय. उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला की असं होतं.

क्लचचं असं: प्लेट तेलकट असेल तर गिअरबॉक्सचं किंवा क्रँकचं मागचं सील गळतंय, त्यात ड्रायव्हरचा काय दोष? प्लेटच्या स्प्रिंगा तुटल्या असतील तर पेडल झटक्यात सोडायची सवय. प्लेट कोरडी पण जळालेली, प्रेशर प्लेटवर निळसर चट्टे, म्हणजे हाफ क्लच, पेडल अर्धवट दाबून गाडी ओढायची सवय. सोबत रिलीज बेअरिंगही ओरडत असेल तर चालता चालता पाय पेडलवर टेकवून ठेवलेला असतो.

टायरचंही बघा. दोन्ही कडा खाल्ल्या तर हवा कमी, मधूनच खाल्ला तर हवा जास्त, एकच कड खाल्ली तर अलाइनमेंट. आणि जागोजाग टक्कल पडलं असेल तर ब्रेक मारताना चाक जाम होऊन घसटलंय. टायर गरम असताना हवा वाढलेली दिसते म्हणून पंक्चरवाल्याकडे हवा सोडणारे ड्रायव्हर मी खूप पाहिलेत. गार झाल्यावर तोच टायर कमी हवेवर धावतो आणि कडांनी जातो.

इगतपुरीकर

एक पर्याय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झालाय. मोठ्या बोगद्यातून उतरलात की कसारा घाट टळतो. लायनर आपोआप वाचतील.

निफाडचा_कांदेवाला

@इगतपुरीकर, टोलचा हिशेब आधीच करून पाहिलाय. कांद्याच्या भाड्यात बसत नाही हो.

@जुना_फिटर, आज गॅरेजला जाऊन भंगाराच्या पिंपातून पार्ट शोधून काढले. (गॅरेजवाला माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या घराची झडती घेतोय.) मागच्या दोन्ही ॲक्सलचे लायनर सारखेच झिजलेत. तडकलेला ड्रम आतून निळा. क्लच प्लेट कोरडी, जळालेली, स्प्रिंगा शाबूत. बेअरिंग हाताने फिरवलं तर खरखर करतंय. म्हणजे भाऊ म्हणतो तेच खरं की काय?

जुना_फिटर

सवय आहे हे नक्की. ती का लागली ते मला पार्ट बघून सांगता येणार नाही.

२२_वर्षं_स्टिअरिंगवर

मी सांगतो. मालक, राग मानू नका, ॲव्हरेजवर बक्षीस ठेवलंय का तुम्ही?

निफाडचा_कांदेवाला

हो. महिन्याचं ॲव्हरेज ४.५ च्या वर गेलं की १५०० रुपये. पोरगा दर महिन्याला घेतो. आण्णांनी आजवर एकदाही घेतलं नाही, उलट हसतात.

२२_वर्षं_स्टिअरिंगवर

मग झालं. ते पोरगं कसारा न्यूट्रलवर उतरतंय. आम्हीही उतरायचो, खोटं कशाला बोलू. लाइनवर नवीन पोरांना पहिली हीच विद्या मिळते: "उताराला डिझेल कशाला जाळतो, काढ गिअर." गिअर काढला की इंजिनाची पकड सुटते. मग २५-२८ टनांची गाडी एकट्या ब्रेकवर उतरते, आणि ब्रेक म्हणजे तुमचे लायनर न् ड्रम. वरून कांद्याला वाशीत वेळेवर पोचायची घाई. माल उशिरा लागला तर भाव पडतो, मग फोन कोणाचा येतो? मालकाचा.

क्लचचंही त्यातलंच. डिझेल वाचवायचं म्हणून भरली गाडी पहिल्या-दुसऱ्यावर न उचलता तिसऱ्यावर उचलतात, अर्ध्या क्लचवर ओढत ओढत. पडघा-भिवंडीचा ट्रॅफिक आणि मार्केटच्या बाहेरची रात्रीची रांग तुम्ही पाहिली असेलच. दोन तास इंच इंच सरकायचं. पुढच्या गाडीला लागून रेंगाळत राहिलं की क्लच जळतो. आण्णा काय करत असतील ते न बघता सांगतो: गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की मगच गिअर टाकायचा. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

जुना_फिटर

@२२_वर्षं_स्टिअरिंगवर, शंभर टक्के. आणि यातली गंमत बघा. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर रेसवरचा पाय काढला की डिझेल सोडणं बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहायला डिझेल लागतं. म्हणजे घाटात, जिथे नाहीतरी वेग धरून ठेवायचाय, तिथे न्यूट्रलने डिझेल वाचत नाही, उलट थोडं जातं. सपाटीजवळच्या लांब हलक्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये जास्त लांब घरंगळते, तिथे थोडा फायदा दिसतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की विद्या खरी आहे. एक्झॉस्ट ब्रेकबद्दलही (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा ब्रेक) असाच गैरसमज, की त्याने इंजिन खराब होतं. अहो, तो दिलाय कशाला मग?

काही महाभाग त्याच्याही पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; इंजिनाबरोबर कॉम्प्रेसर थांबला की टाकीत नवीन हवा भरत नाही. असलेली हवा ब्रेक दाबून दाबून संपत आली की ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही दगड. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या, तेव्हा उतारावर इंजिन बंद केल्याचंच पुढे आलं होतं. तुमचा पोरगा नक्की काय करतो ते आजच विचारा. लायनरचा हिशेब नंतर.

निफाडचा_कांदेवाला

वाचून हातपाय गार पडले. रात्री परत लिहितो.

निफाडचा_कांदेवाला

विचारलं. आधी "नाही शेठ" म्हणाला. बक्षीस बंद करणार नाही असं सांगितल्यावर कबूल झाला. इंजिन बंद करत नाही, पण घाटात न्यूट्रल नेहमीच. वर म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होता ना, ॲव्हरेज आण." यावर मी काय बोलणार?

हिशेबही मांडला. दीड वर्षात बक्षीस म्हणून दिले २७ हजार. क्लचची दोन कामं, लायनर आणि ड्रम धरले तर त्याच्या कितीतरी पट गॅरेजला गेले. डिझेल वाचलं ते वेगळं, पण ते मोजूनही मी खड्ड्यातच आहे.

आता ठरवलंय की पुढच्या पाच खेपा तो आण्णांच्या शेजारी बसून जाईल, भत्ता पूर्ण. त्याची गाडी तेवढे दिवस माझा मेव्हणा चालवेल. बक्षीस ॲव्हरेजवर ठेवू नये हे कळलं, पण मग कशावर ठेवू?

२२_वर्षं_स्टिअरिंगवर

मेव्हणा कसा चालवतो ते बघा आधी. 😀

बक्षीस लायनरवर ठेवा. ३५ हजार किमीच्या पुढे गेले तर एक रक्कम, क्लच लाख किमीच्या पुढे गेला तर मोठी रक्कम. पण एक अट तुम्हीही पाळा: गाडीवाल्याने "ब्रेक ओढतोय" किंवा "एक्झॉस्ट ब्रेक लागत नाही" असं सांगितलं तर "पुढच्या खेपेला बघू" म्हणायचं नाही. आणि घाटात असताना फोन करायचा नाही. उतार सुरू व्हायच्या आधी, इगतपुरीतच गिअर ठरवायचा. ज्या गिअरने चढता त्याच गिअरने, नाहीतर एक खालच्याने. ब्रेक दाबून वेग पाडायचा आणि सोडायचा, नुसता पाय टेकवून ठेवायचा नाही.

बीएससहावाला

जाता जाता एक. गाडी जोरात पळवून आणली की लगेच चावी फिरवत नाही ना तो? दोन-तीन मिनिटं रिकामी चालू द्यायला सांगा. गरम टर्बोत (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) तेल अडकून जळतं. आणि युरियाच्या टाकीत (बीएस-६ गाडीत धूर साफ करायला लागतो तो) पाणी घालायचे प्रकार होत नाहीत ना, तेही बघा. ते बिल क्लचच्या बिलाला लाजवेल.

निफाडचा_कांदेवाला

टर्बोचं दोघांनाही सांगतो. युरिया मीच भरतो, ते नाही.

शेवटची शंका. राहिलेले तीन ड्रमही आतून निळे आहेत, दोनांवर बारीक रेषा दिसतायत. गॅरेजवाला म्हणतो टर्निंग (लेथवर आतून घासून सपाट) करून देतो, नवीन नको. काय करू?

जुना_फिटर

रेषेवरून नख फिरवा. नख अडकलं तर टर्निंग नको, ड्रम फेकून द्या. नाही अडकलं तर टर्निंग चालेल, पण ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा कोरलेला असतो, टर्निंगनंतर माप त्याच्या आत हवं. मोजताना तुम्ही स्वतः उभे राहा. आणि ॲक्सलच्या दोन्ही बाजू सारख्याच ठेवा, एकीकडे नवा आणि एकीकडे जुना पातळ ड्रम बसवला की गाडी एका बाजूला ओढते.