पिसवांनी घर धरलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

तळमजल्यावरची, पुणे

जुलैत पार्किंगमधल्या एका बंद स्कूटरखाली मांजर व्यायली. तीन पिल्लांपैकी एक आमच्याकडे राहिलं, म्हणजे त्यानेच तसं ठरवलं. पंधरवड्यात लेकीच्या घोट्यांभोवती लाल गांध्या उठायला लागल्या. आधी डासांवर खापर फोडलं, मग ढेकणांवर. दोन्ही दिवाण रिकामे केले, फळ्यांच्या खाचांत टॉर्च मारून पाहिलं, काही नाही. शेवटी नवरा शाळेच्या गणवेशासारखे पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चढवून हॉलमध्ये दहा मिनिटं फिरला आणि खुर्चीवर बसून मोजायला लागला. अकरा! तिळापेक्षा लहान, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चेपल्यासारख्या. बोटांत चिरडत नाहीत, नखावर नख दाबलं की टच्च वाजतं.

पिल्लाला आंघोळ घातली, फरशी फिनाईलने पुसली. चार दिवस शांतता, पाचव्या दिवशी पुन्हा सगळं तेच. पेस्ट कंट्रोलवाल्याने 'होऊन जाईल मॅडम' म्हणत किचनच्या कोपऱ्यांत झुरळांची जेल लावली आणि पैसे घेऊन गेला. पिसवा काय जेल खायला येणार आहेत का?

ज्यांनी यातून घर सोडवलंय त्यांनी लिहा. काय केलं, काय फसलं, किती दिवस लागले.

दोन लॅबचा बाबा

आधी खात्री करा. पिल्लाच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी उवांची बारीक फणी फिरवा. मिरपुडीसारखे काळे कण आले तर ओल्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर डाग पडत नाही. फणी प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्यात बुडवायची, नाहीतर आहेत त्या उडून परत गादीवर.

पडवी, संगमेश्वर आणि डोंबिवली

आमची गोष्ट गणपतीतली. गावचं घर मेअखेरीला कुलूप लावून बंद केलेलं. चतुर्थीच्या आठ दिवस आधी मी आणि धाकटा भाऊ उघडायला गेलो. ओटीवर बॅगा टेकवल्या, माजघरात पाऊल टाकलं आणि फोडणीतली मोहरी पायांवर उडावी तसं झालं. खाली बघतो तर लेंगा गुडघ्यापर्यंत ठिपक्यांचा. उड्या मारत अंगणात आलो. शेजारच्या काकी पायरीवर बसून हसत होत्या. म्हणाल्या, "तुमचीच वाट बघत होत्या रे त्या."

माळ्यावर पेंढ्यात मांजर व्यायली होती कधीतरी, पिल्लं घेऊन निघूनही गेलेली. तीन महिने घरात ना माणूस ना जनावर. मग या जगल्या कशावर, हे मला आजही कळलेलं नाही.

पेंढा उतरवून परड्यात जाळला. लाद्यांच्या सांध्यांत कढत पाणी ओतलं, दोन हंडे रोज. रात्री माजघरात जमिनीवर परात, तिच्यात पाणी आणि भांड्यांचा साबण, आणि वर हातभर उंचीवर पिवळा बल्ब. सकाळी परातीत तरंगणाऱ्या पिसवा मोजायची पैज लागायची. पहिल्या रात्री साठच्या वर. आम्ही काकींच्या पडवीत झोपलो. मूर्ती वेळेवर बसली, पण पहिल्या आरतीला निम्मं घर एका पायावर उभं होतं.

निर्गुडी

आमच्या आजीकडे, सातारा भागात, दर आठवड्याला शेणाने सारवण व्हायचं आणि गोठ्यात कडुनिंबाचा पाला धुमसत ठेवायचे. पिसवा नव्हत्याच असं नाही, पण घर धरत नव्हत्या. आताच्या औषधांनी घरात लहान मुलं असताना कशाला खेळायचं?

गुरांची डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, आणि दोन वर्षांपूर्वी माझ्याच घरात पिसवा झाल्या. लोकांना दिवसभर जे सांगते ते स्वतः केलं नव्हतं, कुत्र्याचा डोस दोन महिने चुकवला होता. कौतुकाची गोष्ट नाही, पण धागा अनुभवांचा आहे.

पडवी, तुमच्या काकी शब्दशः खरं बोलल्या. पिसूची अंडी लिखांसारखी केसाला चिकटून राहत नाहीत, जनावर जिथे लोळेल तिथे गळतात. एक मादी दिवसाला ४०-५० पर्यंत घालते. त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी निघते, उजेड टाळून फटीत, सतरंजीखाली, कोचाच्या शिवणीत शिरते आणि मोठ्या पिसवांची ती काळी विष्ठाच खाते. मग चिकट कोष विणते. त्याला धूळ चिकटते, त्यामुळे समोर असला तरी दिसत नाही. या कोषात पिसू तयार होऊन महिनोन्‌महिने न खाता बसू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की बाहेर. तुम्ही दार उघडलंत आणि सगळ्या एकदम उठल्या.

पुणेकर ताई, पाचव्या दिवसाचं कोडंही तेच. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम ५ टक्के धरतात, बाकी घरात. आणि कोषात औषध शिरत नाही. म्हणून मी तीन गोष्टी एकाच दिवशी सुरू केल्या. कुत्र्याला गोळी. रोज व्हॅक्यूम, कोचाखाली आणि पलंगाच्या पायांशी. त्याच्या थरथरीने कोष उघडतात, हा फायदाच आहे. आणि अळीची वाढ रोखणारं पायरीप्रॉक्सीफेन असलेला फवारा, घर रिकामं करून, सुकेपर्यंत बाहेर बसून. अंथरुणं ६० अंशांच्या पाण्यात. पहिल्या दोन आठवड्यांत जास्तच दिसल्या, नवरा म्हणाला तुझं औषध त्यांना मानवलंय. साधारण नऊ आठवडे लागले.

फिनाईल आजच बंद करा, मांजर पाय चाटतं आणि ते त्याला विष आहे. कुत्र्याचे मानेवर टाकायचे थेंब मांजराला कधीच नाहीत. कित्येकांत परमेथ्रिन असतं, मांजराला झटके येऊन ते मरू शकतं. पिल्लू आठ आठवड्यांच्या आतलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही, फक्त फणी. शीच्या जागी तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं तर जंताचं औषधही लागेल. पिसू गिळली की पट्टकृमी होतो.

निर्गुडी, सारवणाने भेगा बुजतात, धूळ बसते, त्याचा उपयोग होत असणार. पण फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्सवर शेण कुठून आणायचं? आणि कोंडलेल्या खोलीत धूर मुलांना, मांजराला सोसत नाही.

संत्रा बर्फी, नागपूर

मे महिना, बाहेर ४५ डिग्री, म्हटलं आता या भाजूनच मरतील. ज्या खोलीत कूलर होता त्या खोलीत मस्त मजेत होत्या. कोरड्या खोलीत एक नाही.

गुरांची डॉक्टर

बरोबर, अळीला दमट हवा लागते. तुम्ही त्यांना कोकण करून दिलंत.

कारपेटग्रस्त, लेस्टर

भिंतीपासून भिंतीपर्यंत कारपेट असलेल्या घरात राहायला आलो. आधीच्या भाडेकरूची मांजर होती, हे घोटे सुजल्यावर कळलं. हीटिंगमुळे जानेवारीतही यांचा सीझन संपत नाही. रोज व्हॅक्यूम केला, पण पिशवी मशीनमध्येच ठेवायचो. आठवड्याने लक्षात आलं की कपाटात आपण पिसवांचं पाळणाघर चालवतोय. पिशवी लगेच बांधून बाहेरच्या कचऱ्यात टाका. अल्ट्रासॉनिक यंत्र घेऊ नका. माझं एक, प्लगसकट, कुणालाही फुकट.

चिंतातुर

यातून प्लेग होत नाही ना? आमच्या पणजीच्या गोष्टीत घरात उंदीर पडला की सगळे माळावर झोपड्या बांधून राहायला जायचे.

दोन लॅबचा बाबा

ती उंदरावरची पिसू, वेगळी जात. मुंबईत प्लेग १८९६ साली आला आणि १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदरांवर प्रयोग करून पिसूचं नाव पुढे आणलं, तेव्हा फार कुणी मानलं नाही. १९९४ साली बीडकडे आणि सुरतेला धावपळ झाली ती अनेकांना आठवत असेल. मांजराच्या पिसवांनी खाज येईल, झोप जाईल. घरात उंदीरच मरून पडायला लागले तर मात्र महापालिकेला कळवा.

तळमजल्यावरची, पुणे

सगळ्यांचे आभार, आता हिशेब देते. डॉक्टरांनी पिल्लाचं वजन करून थेंब दिले. फिनाईल बंद. सासूबाईंची लोकरीची सतरंजी, जिच्यावर पिल्लू झोपायचं, ती उचलली तर खाली धुळीच्या रेघेत पांढरे दोरे वळवळत होते. भिंग लावून लेकीने पाहिले, मी पाहिले नाहीत. परातीऐवजी ताटली लावलीय, टेबललॅम्पखाली. पहिल्या आठवड्यात रोज वीस-बावीस, तिसऱ्यात एका रात्री पुन्हा तीस, तेव्हा हा धागा दोनदा वाचला. आज एकोणतिसावा दिवस, ताटलीत दोन, मोज्यांवर एक. पुढचे थेंब १४ तारखेला, कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लाल पेनने लिहिलंय. आणि पार्किंगमधली ती मांजर पुन्हा पोटुशी दिसतेय, तिच्यासाठी नसबंदीवाल्यांना कसं बोलवायचं ते कुणी सांगेल का?