मॅशचं तापमान धरत नाही आणि अख्खा रविवार जातो

कोपरखैरणेकर
मंडळी, मदत करा. घरी बिअर करतोय, चौथी बॅच झाली आणि मॅशला (माल्ट गरम पाण्यात तासभर भिजवायचा तो टप्पा) चारही वेळा तेच. ४ किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), १२ लिटर पाणी, पुस्तकात दिलंय तसं पाणी ७३.४ पर्यंत तापवतो आणि माल्ट ओततो, यायला हवं ६७ पण दिसतं ६८ च्या वर, मग मी घाबरून गार पाणी घालतो ते एकदम ६४ वर, मग परत इंडक्शन चालू, तासभर हाच खेळ. गेल्या खेपेला सकाळी ८ ला सुरू केलं ते साडेसहाला भांडी घासून उठलो, आईला कुकर लावायला ओटा नाही. आणि एवढं करून बिअर गोडसर, जाड. तुम्हाला किती वेळ लागतो?

ऐरोलीचा_गाळीव
पुस्तक थंड देशातलं आहे रे. त्यात माल्ट २० डिग्रीला धरलंय, तुझ्या घरात ते ३०-३१ ला बसलेलं असतं. हिशोब असा: ०.४१ ला किलोमागे किती लिटर पाणी त्याने भागायचं, म्हणजे तुझं ०.४१ भागिले ३, मग त्याला हवं ते तापमान आणि माल्टचं तापमान यातल्या फरकाने गुणायचं, आणि येईल ते ६७ मध्ये मिळवायचं. २० डिग्रीला ७३.४ येतं, ३१ ला ७२ सुद्धा येत नाही. म्हणजे ओतायच्या आधी माल्टमध्ये थर्मामीटर खुपस, बस.

आणि एका डिग्रीने काही बिघडत नाही, गार पाणी ओतून बिघडतं. माल्टमधल्या स्टार्चची साखर करणारी दोन एन्झाइम असतात, ६२-६५ ला एक जोरात चालतं, बिअर हलकी कोरडी होते, ७० च्या आसपास दुसरं, तेव्हा जाडी येते. खाली आच चालू ठेवलीस की तळाला पहिलं मरतं आणि वर तुला कळत पण नाही. ढवळ, झाकण लाव, टोप गोधडीत गुंडाळ आणि लांब जा. आपल्याकडे मे महिन्यात तासाभरात फार उतरत नाही.

वर्तकनगर_४०६
मॅश १ तास, उकळी १ तास, मग बाकीचे साडेआठ तास गेले कुठे? तापवण्यात आणि गार करण्यात. २० लिटर वॉर्ट (मॅशमधून निथळलेलं गोड पाणी) ६७ वरून उकळीला न्यायला २००० वॉटच्या इंडक्शनला कागदावर २३ मिनिटं, खरी ३५-४०. म्हणून वॉर्ट निथळायला लागलं, तळ झाकला गेला की आच चालू करायची, सगळं जमा व्हायची वाट बघत बसू नये. माल्ट रात्रीच भरडून ठेव. अर्ध्या तासाने थेंबभर वॉर्ट बशीत काढून टिंक्चर आयोडीन टाक, काळंनिळं झालं नाही तर स्टार्च संपलाय, पुढे चल (बशीतलं फेकून दे, परत टोपात नको).

गार करायचं म्हणशील तर दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कोमट येतं, कॉइल (वॉर्टमध्ये बुडवायची, आतून गार पाणी फिरणारी नळी) लावून २० डिग्री कधीच होणार नाही. पहाटे सुरू कर, नाहीतर ३५ ला थांबून क्वाइक यीस्ट टाक, नॉर्वेचं आहे पण ठाण्याच्या उकाड्यात खूष असतं.

नौपाड्याची_मावशी
गीझरचं पाणी घ्या की, निम्मा वेळ तिथेच वाचतो. आणि १९४९ चा दारूबंदी कायदा इथे अजून लागू आहे, परवान्याचं बघितलंत का?

वर्तकनगर_४०६
गीझर नको मावशी, आतला क्षार बघितलाय का कधी? कायद्याचं बरोबर आहे, त्यावर वेगळा धागा काढा.

ऐरोलीचा_गाळीव
एक राहिलं, थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून बघितलास का? आपण समुद्राच्या कडेला, १०० च दिसायला हवं.

कोपरखैरणेकर
आत्ता बघितलं. खदखदा उकळतंय आणि काटा ९७ वर. म्हणजे मी ज्याला ६८ म्हणत होतो ते ७१ होतं, चारही बॅचला! गोड का झाली ते कळलं. उद्या नवीन डिजिटल आणतो. आईने ओटा पहाटे ५ ते १० दिलाय, त्यात बसवायचंय.