मदत हवी आहे: कॉम्प्युटर चालू करताना रोज डिस्क तपासणी

कातळसडा:
चार दिवस झाले, कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर डिस्क तपासणी सुरू होते. विंडोज १० आहे. उद्या वाशीला आंब्याच्या पेट्या जायच्यात आणि बिलं टॅलीत अडकलीत. हे बंद कसं करायचं तेवढं पटकन सांगा.

रापण:
कुठली ड्राइव्ह तपासतंय, सी की डी? दोन्ही एकाच डिस्कवर आहेत का? आणि तपासणी पूर्ण होऊ देता का?

कातळसडा:
डी. कीबोर्डची कळ दाबून तपासणी सोडून देतो. तेवढा वेळ कुठे आहे?

रापण:
मग ती रोज येणारच. फाइलव्यवस्थेत गडबड दिसली की विंडोज त्या ड्राइव्हवर ‘डर्टी’ अशी खूण करतं आणि तपासणी पुरी झाल्याशिवाय ती पुसली जात नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘एफएसयुटिल डर्टी क्वेरी डी:’ द्या. खूण आहे की नाही ते लगेच कळेल.

तांबडी_माती:
एवढा व्याप कशाला? ‘चेकएनटीएफएस /एक्स डी:’ द्या, रीस्टार्ट करा. परत विचारणार नाही.

रापण:
विचारणार नाही, पण खूण तशीच राहील आणि बिघाडही. हिशेबाच्या डेटावर कृपा करून हा उपाय सांगू नका.

बंदरकाठ:
मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. घड्याळ मागे गेलं की असं होतं.

गलबत:
ते लिनक्सवर. तिथे डिस्क शेवटची माउंट झाल्याची (सिस्टिमला जोडली गेल्याची) वेळ भविष्यातली दिसली की एफएससीके, म्हणजे तिथली डिस्क तपासणी, चालू होतं. विंडोजच्या या खुणेचा घड्याळाशी संबंध नाही.

कातळसडा:
एक राहिलं. परवा रात्री तपासणी पूर्ण होऊ दिली होती. सकाळी नीट चालू झाला. दुपारी लाइट गेली-आली, कॉम्प्युटर बंद पडून चालू झाला आणि पुन्हा तेच. सी ही एसएसडी आहे, डी वेगळी जुनी १ टीबीची हार्डडिस्क.

गलबत:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! म्हणजे खूण पुसली जाते आणि पुन्हा लागते. ती कोण लावतंय ते शोधायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा आणि डीच्या ०५, सी५, सी६, सी७ या ओळींचे कच्चे आकडे द्या. ०५ म्हणजे खराब झाल्याने बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट पाहणारे, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी५ला शून्य नसेल तर ‘चेकडिस्क /आर’ अजिबात चालवू नका. ते प्रत्येक सेक्टर वाचायला जातं आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. सी७ हे केबलमधून जाताना बिघडलेल्या डेटाची मोजणी आहे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरच्या पिनांवर थर धरतो, त्यामुळे हा आकडा वाढलेला असू शकतो.

मालवणी_माणूस:
आधी टॅलीच्या डेटाचो फोल्डर पेनड्राइव्हवर घी, मगे काय ता कर.

तांबडी_माती:
लाइट गेल्यावर बंद पडतो म्हणजे यूपीएस घ्यावाच लागेल.

बंदरकाठ:
घरात इन्व्हर्टर असेल तर आधी त्याचा स्विच बघा. ‘नॉर्मल’वर असला तर बॅटरीवर जायला वेळ लागतो. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. स्विच ‘यूपीएस’वर करा.

तांबडी_माती:
आणि अर्थिंग? जांभ्यात मे महिन्यात खड्डा कोरडा पडतो. त्यात रोज पाणी घाला.

गलबत:
अर्थिंग नीट असावं हे खरं, पण त्याने डीची खूण जाणार नाही. आकडे येऊ द्या.

कातळसडा:
डेटा पेनड्राइव्हवर घेतला. ०५, सी५, सी६ शून्य. सी७ ला १ए४. इन्व्हर्टर नॉर्मलवरच होता, बदलला.

गलबत:
१ए४ हा हेक्साडेसिमल आकडा, म्हणजे ४२०. पृष्ठभाग ठीक दिसतोय, संशय केबलवर. प्लग काढून साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी डेटाची केबल) बदला, मदरबोर्डवरचं पोर्टही दुसरं घ्या. डिस्कच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. मग एकदा ‘चेकडिस्क डी: /एफ’. सी७ कधी कमी होत नाही, तो ४२० वरच थांबला पाहिजे. वाढत राहिला तर दोष डिस्कच्या कनेक्टरमध्ये किंवा तिच्या सर्किटमध्ये.

कातळसडा:
आत्ता रात्री केबल कुठून आणू?

रापण:
डीव्हीडी ड्राइव्ह आहे ना? तिची साटा केबल काढून डीला लावा. तीच केबल असते.