पेट्रोल महागलं की कात्री आधी मुलांच्याच खर्चाला का लागते?

दुधनाकाठची

मुलीच्या व्हॅनवाल्या काकांचा मेसेज आला. जूनपासून भाडं 1,100 ऐवजी 1,300. मी भांडले नाही. रात्री हिशेबाची वही काढून बसले. 2018 पासून एकही महिना लिहायचा राहिलेला नाही, म्हणून जे सांगते ते वहीत बघून सांगते.

मार्च 2022 आठवा. 137 दिवस दर जागचे हलले नव्हते. मग 22 मार्चपासून बहुतेक दिवशी ऐंशी-ऐंशी पैसे करत पंधरवड्यात लिटरमागे 10 रुपये चढले. मुंबईत 120 रुपये 51 पैसे झालं. आमच्या परभणी जिल्ह्यात त्याहून वर, कारण इथलं तेल मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकरने येतं आणि ते भाडं आमच्याच दरात धरलेलं असतं. माझ्या वहीतलं त्या एप्रिलचं पान: मिस्टरांच्या गाडीचं पेट्रोल 2,150 चं 2,350. भाजी 300 ने जास्त. दुधाचा रतीब एक लिटरचा अर्धा. चित्रकलेच्या क्लासवर काट. केळी लिहिलेलीच नाहीत.

पेट्रोल कमी करता येत नाही, नाहीतर मिस्टर कामावर पोचणार कसे? घराचा हप्ता थांबत नाही, सासूबाईंची बीपीची गोळी थांबत नाही. मग ज्याला कुणी नोटीस पाठवत नाही तेवढंच कापता येतं, आणि ते नेमकं मुलांचं असतं.

मे 2022 मध्ये केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क 8 रुपयांनी उतरवलं, जुलैत राज्याने व्हॅट 5 रुपयांनी. दिवाळीनंतर दूध परत एक लिटर झालं. क्लास मात्र सुरू झाला नाही. तेव्हा ती तिसरीत होती. आता सहावीत आहे आणि चित्रं काढत नाही.

आणि मे 2020 मध्ये कच्चं तेल कवडीमोल झालं होतं, तेव्हा याच केंद्राने पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये शुल्क वाढवलं होतं. महागाई आमच्या वाट्याला आणि स्वस्ताई सरकारच्या, हे मला मान्य नाही. तेल चढलं की कर आपोआप उतरला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

नेमका_हिशेब

ताई, तुमची वही खरी आहे, पण उपाय पटला नाही.

कर उतरवला की सगळ्यात जास्त फायदा कुणाचा? जो सगळ्यात जास्त जाळतो त्याचा. तुमच्या घरी महिन्याला वीस लिटर. आमच्या सोसायटीत घरटी दोन गाड्या आहेत, एकेका घरात दीडशे लिटर सहज जातं. लिटरमागे 8 रुपये सोडले तर तुमचे 160 वाचले आणि त्यांचे 1,200. मुलांच्या नावाने मागायचं आणि ते मोठ्या गाडीवाल्याच्या टाकीत ओतायचं, हा कुठला न्याय?

दर दाबून ठेवण्याचा प्रयोगही झालेला आहे. 2005 ते 2010 या काळात स्वस्त विक्रीच्या नुकसानीपोटी सरकारने तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी रोखे दिले, म्हणजे पैसे नंतर फेडायची लेखी हमी. सव्वा लाख कोटींहून जास्त रकमेचे. त्यांची परतफेड 2026 पर्यंत चालणारी. म्हणजे तुमची मुलगी जन्मायच्या आधी आपण स्वस्तात जाळलेल्या पेट्रोलचं बिल तिच्या शाळेच्या वयात भरलं गेलं. हीसुद्धा मुलांच्याच खर्चाला लावलेली कात्री आहे, फक्त ती तुमच्या वहीत दिसत नाही.

दुधनाकाठची

रोख्यांचा मुद्दा मी ऐकलाय. पण 2020-21 या एकाच वर्षात केंद्राला पेट्रोल-डिझेलच्या शुल्कातून 3.7 लाख कोटींच्या आसपास मिळाले. रोख्यांच्या अडीच पट तरी. तेव्हा कर्ज फेडायचं होतं म्हणून कर चढा ठेवला, हे पुरतं उत्तर होत नाही.

आणि 160 रुपये तुम्हाला छोटे वाटले. आमच्याकडे त्यात तीन दिवसांचं दूध येतं.

ठाणेकर_72

मुलांना पायी पाठवा. आम्ही चार-चार किलोमीटर चालत शाळेत जात होतो, काही बिघडलं नाही. व्हॅन ही सवय आहे, गरज नव्हे.

दुधनाकाठची

दादा, शाळा सहा किलोमीटरवर आहे आणि मधला सव्वा किलोमीटर हायवेवरून जावं लागतं. उसाच्या दिवसांत पहाटे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावतात, मागे दिवा नसतो. तुम्ही चाललात तो रस्ता वेगळा होता.

चौदा_लेकरं

मी व्हॅनवालाच आहे, पण तुमचा नव्हे. शेजारच्या तालुक्यातला. दोन शब्द आमच्या बाजूनं.

माझी गाडी डिझेलवर. रोज सहा लिटर लागतं. भाडं दहा महिन्यांचं मिळतं, बँकेचा हप्ता बारा महिने जातो. शाळा बंद होत्या त्या काळात गाडी दारात उभी होती, टायर उभ्या उभ्या तडकले. हप्ते चुकले, त्याचं व्याज अजून फेडतोय. इन्शुरन्स वेगळा, पासिंग वेगळं, टायर वेगळे. डिझेल वाढलं म्हणून भाडं वाढवतो हे अर्धंच खरं. बाकीचं सगळं साठत राहतं आणि डिझेल वाढलं की ते सांगायला तोंड होतं. नुसतं "टायर महागले" म्हटलं तर पालक ऐकत नाहीत.

मे 2022 मध्ये डिझेल सातेक रुपयांनी उतरलं तेव्हा मी हिशेब केला होता. चौदा लेकरांत वाटलं तर लेकरामागे महिन्याला सत्तर-बहात्तर रुपये होत होते. मी उतरवले नाहीत. ते चुकलंच, तुमचं म्हणणं वाचून कबूल करतो. पण पैसे थकले म्हणून एकाही लेकराला मी कधी रस्त्यात उतरवलेलं नाही. आजही तिघांचे चार महिन्यांचे येणं बाकी आहे.

पाटी_दप्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुम्ही सगळे पेट्रोलवर बोलताय, माझ्या वर्गात इंधन म्हणजे गॅसची टाकी.

गरीब घरांना गॅस जोडणी देणारी उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली, आमच्या वस्तीवर शेगड्या आल्या. मार्च 2023 मध्ये मुंबईत टाकी 1,102 रुपये 50 पैशांना होती. उज्ज्वलाची 200 रुपये सवलत धरूनही मजुरी करणाऱ्या बाईला तीन-साडेतीन दिवसांची कमाई घालावी लागायची. त्या वर्षी टाक्या माळ्यावर गेल्या आणि चुली परत पेटल्या. कपाशी निघाल्यावर पळाट्या, म्हणजे तिच्या वाळक्या काड्या, गोळा करायचं काम पोरींकडे आलं. हजेरीच्या वहीत सकाळच्या तासाला पाच-सहा पोरी लागोपाठ नसायच्या, मधल्या सुट्टीत यायच्या. हाताला काट्यांचे ओरखडे. एकीने विचारलं, "बाई, उशीर मांडला तर चालेल का? गैरहजर नका मांडू."

मी मांडला नाही गैरहजर.

नेमका_हिशेब

बाई, मी तेच सांगतोय. पैसा या पोरींच्या घरी थेट जायला हवा. उज्ज्वलाची सवलत ऑक्टोबर 2023 मध्ये 300 केली, ती 500 करा, मी पाठिंबा देईन. पण सरसकट कर उतरवलात तर त्यासाठी पैसा उरणार नाही. ताई, तुमचं दूध वाचावं असं मलाही मनापासून वाटतं. तुमच्या गावाला वेळेवर बस दिली तर महिन्याचे 1,300 वाचतात. कर उतरवून 160 च वाचतील.

दुधनाकाठची

बस द्या, मी आज व्हॅन सोडते! ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे हे मला माहीत आहे. पण आमच्या फाट्यावर पहिली गाडी पावणेनऊला येते आणि शाळा सव्वासातला भरते. पास पर्समध्ये ठेवून काय करू?

आणि कराचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. मे 2022 च्या कपातीनंतर पेट्रोलवर केंद्राचे 19 रुपये 90 पैसे उरले. त्यातले राज्यांसोबत वाटून घ्यायचे फक्त 1 रुपया 40 पैसे, बाकी उपकर आणि विशेष शुल्क. म्हणजे केंद्राला मी भरते त्यातलं माझ्या राज्याच्या एसटीकडे वळायला जवळपास काहीच उरत नाही. तुम्ही म्हणता कर घ्या आणि बस द्या. कर तर घेतलाय.

नेमका_हिशेब

1 रुपया 40 पैशांचा मुद्दा बरोबर आहे. उपकरांची ही पद्धत मलाही मान्य नाही. तरी कर कमी करण्यापेक्षा त्यातला राज्यांचा वाटा वाढवा असं मी म्हणेन. इथे आपलं जुळणार नाही बहुतेक.

निवृत्त_वाहक

31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो, म्हणून फक्त बसचं बोलतो. कराचं तुम्ही बघा.

2021-22 च्या संपात आमच्या गाड्या उभ्या राहिल्या. त्यानंतर कित्येक गावांच्या मुक्कामी गाड्या परत लागल्या नाहीत. मुक्कामी गाडी असली की पहाटेची पहिली फेरी गावातूनच सुटायची, शाळेची मुलं त्याच गाडीने जायची. तुमच्या गावची तशीच बंद झाली असणार.

मागणी करताना "बस सुरू करावी" एवढंच लिहू नका, असे अर्ज डेपोत ढिगाने पडलेले असतात. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र जोडा, त्यात शाळा भरण्या-सुटण्याची वेळ हवी. आणि मुलामुलींची यादी जोडा, गाववार, थांब्यावार. मुलींच्या पासचे पैसे सरकार महामंडळाला देतं, मुलांना सवलतीत तिसरा हिस्सा भरावा लागतो, म्हणून दोन्ही आकडे वेगळे दाखवा. यादी असली की आगारप्रमुखाला वरच्या ऑफिसात फेरी मागता येते. यादी नसली की तो बिचाराही काही करू शकत नाही.

चौदा_लेकरं

गाडी लागली तर आमच्या पोटावर येईल. तरी यादी करा. लहान्यांना दारातून दारात व्हॅनच लागेल, मोठ्यांना बस हवीच.

दुधनाकाठची

काल संध्याकाळी फाट्यापासून वेशीपर्यंत दोघी-तिघी मिळून घरोघर फिरलो. पाचवी ते बारावी: मुली 26, मुलगे 19. मुख्याध्यापकांचं पत्र उद्या मिळेल. ठरावासाठी सरपंचबाईंनी गुरुवारी बोलावलंय.